सिगारेट सोडल्याचे पहिले दिवस: कोणाला सांगावे आणि नेमके काय मागावे?

पुनश्च

नमस्कार. बरीच वर्षे रोज जवळजवळ एक पाकीट सिगारेट ओढल्यानंतर या आठवड्यात मी ती पूर्णपणे बंद केली आहे, पण ही गोष्ट अद्याप कोणालाही सांगितलेली नाही. कारण उघड आहे. आज सांगावे आणि महिन्याभराने कोणीतरी मला पुन्हा झुरके मारताना पाहावे, ही नामुष्की नको वाटते. मात्र न सांगण्याचाही जाच होऊ लागला आहे. घरात दार लागल्याचा आवाजदेखील सहन होत नाही, वर्तमानपत्रातला एक परिच्छेद सलग वाचून होत नाही, आणि 'यांना झालंय तरी काय' असे घरचे लोक एकमेकांना हळू आवाजात विचारतात, ते मला ऐकू येते.

कार्यालयातली अडचण निराळी आहे. जेवणाच्या सुटीत आम्ही चौघे मागच्या जिन्याखाली सिगारेट ओढायला जमतो आणि कामातल्या निम्म्या गोष्टी खरे तर तिथेच ठरतात. सध्या मी फोन कानाला लावून दुसरीकडे निघून जातो, पण ही सबब फार दिवस चालणार नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे की सांगावे का, सांगायचे तर कोणाला, आणि सांगितल्यावर त्या माणसाकडून नेमके काय मागावे? 'मला पाठिंबा द्या' हे वाक्य मला फार पोकळ वाटते. शिवाय झोप तुटक लागते, तोंडात फोड आले आहेत आणि खोकला कमी होण्याऐवजी वाढला आहे, हे सारे स्वाभाविक मानावे का? औषधे न घेता केवळ निर्धारावर हे पार पाडण्याचा माझा विचार आहे.

शेवटचे_थोटूक

सांगावे, पण गावभर सांगू नये. ज्यांना सांगाल त्यांच्यावर एकेक ठरावीक काम सोपवावे, म्हणजे तुम्हाला जो पोकळपणा जाणवतो तो राहणार नाही. लोकांना मदत करायची इच्छा असते, परंतु काय करावे हे न कळल्यामुळे ते उपदेश करू लागतात, आणि पहिल्या आठवड्यात उपदेशाइतके तलफ वाढवणारे दुसरे काही नसते.

तलफेची एक लाट साधारणपणे तीन ते पाच मिनिटे टिकते. त्या वेळी ती कधीच संपणार नाही असे वाटते, पण तुम्ही ओढा अथवा ओढू नका, ती ओसरतेच. म्हणून मी माझ्या एका मित्राला एवढेच सांगून ठेवले होते की माझा फोन आला तर कारण विचारू नकोस, सिगारेटचा विषय काढू नकोस, पाच मिनिटे कशावरही बोल. तो बापडा प्रत्येक वेळी आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पुराण लावत असे. त्यातले मला आज काहीही आठवत नाही, पण त्या काळात माझ्या हाती लागलेली ती सर्वांत उपयोगी मदत होती.

जिन्याखालच्या मंडळींपैकी ज्याच्याशी तुमचे अधिक जमते त्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगा. मी मागितली तरी मला देऊ नकोस, आणि तिथे कामाचे जे काही ठरेल ते मला जागेवर येऊन सांग. निदान पहिले तीन-चार आठवडे त्या जिन्याकडे फिरकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे जाऊन आपण न ओढता उभे राहू शकतो हे सिद्ध करण्याची हौस अनेकांना असते, आणि नेमकी तीच हौस महागात पडते. धुराचा वास, लायटरचा आवाज, ती ठरावीक वेळ आणि तीच माणसे हे सगळे एकत्र आले की मेंदू जुन्या सवयीने सिगारेटची अपेक्षा करू लागतो, मग निर्धार कितीही पक्का असो.

निदान

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचे काम करते, म्हणून शारीरिक तक्रारींविषयी थोडे सविस्तर लिहिते. सिगारेटमधले निकोटीन झुरका घेतल्यापासून काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. रोज पाकीटभर ओढणाऱ्या माणसाचा मेंदू दिवसभर या चढउतारावर चाललेला असतो. पुरवठा तुटला की चिडचिड, अस्वस्थता, एकाग्रता न होणे, उदासी, निद्रानाश आणि भूक वाढणे ही लक्षणे दिसू लागतात. पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ती सर्वांत तीव्र असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत बरीच निवळतात. तोंडातले फोड आणि काही दिवस वाढलेला खोकला हेही नेहमी आढळणारे आहेत, मात्र खोकल्यातून रक्त पडले किंवा काही आठवड्यांनंतरही तो हटला नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. बद्धकोष्ठताही होऊ शकते, तिच्याविषयी कोणी बोलत नाही एवढेच.

झोपेच्या तक्रारीमागे आणखी एक कारण असू शकते, जे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत कॅफिनचा निचरा अधिक वेगाने करते. धूर थांबला की हा वेग काही दिवसांतच उतरतो, आणि चहा-कॉफी पूर्वीइतकीच घेतली तरी रक्तातले कॅफिन मात्र वाढते. त्यातून होणारी धडधड, हातांची थरथर आणि रात्रीची तळमळ माणूस सिगारेट सोडल्याच्या खात्यावर टाकतो. म्हणून चहा किंवा कॉफी निम्म्यावर आणावी आणि दुपारनंतर घेऊच नये. याच कारणाने दम्यावरचे थिओफायलीन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन व ओलान्झापिन यांसारख्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते, आणि वेगळ्या कारणाने मधुमेहींच्या इन्सुलिनचीही. यांपैकी काही चालू असेल तर सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना जरूर कळवावे.

केवळ निर्धारावर सोडण्याविषयी मी आपल्याशी सहमत नाही. कोणत्याही मदतीविना केलेल्या १०० प्रयत्नांपैकी जेमतेम ३ ते ५ प्रयत्न सहा महिने ते वर्षभर टिकतात. याचा अर्थ बाकीची माणसे कच्च्या मनाची होती असा मुळीच नव्हे. निकोटीनची पट्टी किंवा गम वापरल्याने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, आणि सावकाश निकोटीन सोडणारी पट्टी व तलफ आल्यावर चघळायचा गम दोन्ही एकत्र वापरले तर एकट्या कोणत्याही साधनापेक्षा अधिक लाभ होतो. गम २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळतो. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट शिलगावणाऱ्यांना ४ मिलिग्रॅमचा गम लागतो.

गम चुकीच्या पद्धतीने चघळल्यामुळे 'याचा उपयोग होत नाही' म्हणणारे मला वरचेवर भेटतात. तो सावकाश चावायचा, तिखटसर चव किंवा चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण संपली की पुन्हा चावायचा, असे साधारण अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते. भराभर चावून लाळ गिळली तर ते पोटात जाते, उचक्या व मळमळ होते आणि तलफ आहे तिथेच राहते. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना कॉफी किंवा आंबट पेयही नको.

व्हेरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही सिगारेट सोडण्यासाठीची औषधे मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना बुप्रोपिऑन देत नाहीत. व्हेरेनिक्लिनमुळे मानसिक त्रास उद्भवतो अशी शंका पूर्वी होती, परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक व्यक्तींवरील चाचणीत तसे लक्षणीय प्रमाणात आढळले नाही.

उंबरठा

माझ्या यजमानांनी सिगारेट सोडली तेव्हाचा अनुभव दुसऱ्या बाजूने लिहिते. आपल्या पत्नीला अजून काही कळलेले नसेल असे आपल्याला वाटत असेल, तर तो भाबडेपणा आहे. कपड्यांचा वास बदललेला घरात सर्वांत आधी तिलाच कळला असणार, आणि आपण होऊन बोलाल याची ती वाट पाहत असेल.

यजमानांनी घरात सांगितले खरे, पण काय करू नये हे सांगितले नाही. सासूबाई मायेने का होईना, त्यांचा शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी न चुकता नाकाशी नेऊन पाहत, आणि संध्याकाळी ते घरात शिरताच 'आज नाही ना ओढलीस?' हा प्रश्न ठरलेला असे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून यजमान दारातूनच थेट न्हाणीघरात जाऊन शर्ट बादलीत बुडवू लागले. एक सिगारेटही ओढलेली नसताना हा माणूस चोरासारखा वागू लागला होता. त्यानंतर आम्ही तिघे एकत्र बसलो आणि ठरवले की कोणीही तपासणी करायची नाही, काही सांगावेसे वाटले तर ते स्वतः सांगतील, आणि संध्याकाळी घरी आल्यावर पहिला अर्धा तास त्यांच्यापुढे कोणतीही बिले, दुरुस्त्या किंवा मुलांच्या तक्रारी न्यायच्या नाहीत. या अर्ध्या तासाने जितके साधले तितके कशानेच साधले नाही.

रात्रीच्या जेवणानंतर ते गच्चीत जाऊन ओढत असत, त्या वेळी आम्ही दोघे बाहेर चालायला जाऊ लागलो. रक्षापात्रे टाकून दिली, पडदे धुतले. आपल्या घरीही वास बसलेल्या वस्तू असतील तर त्या धुऊन काढाव्यात, कारण एखाद्या जुन्या कोटाच्या वासानेही तलफ उसळते, असे यजमान म्हणत. घरच्यांना एवढे मात्र अवश्य सांगा की पुढचे दोन-तीन आठवडे माझा आवाज चढला तर तो तुमच्यावरचा राग समजू नका, मी बाजूला जाईन, मला जाऊ द्या.

एकांडा

वरील सर्वांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. मी घरात किंवा कार्यालयात कोणालाही सांगितले नाही आणि मला त्याचा तोटा झाला नाही. जाहीर केले की दुसऱ्या दिवसापासून अभिनंदने सुरू होतात, आणि काहीच झालेले नसताना काम फत्ते झाल्यासारखे वाटू लागते. काहींना या कौतुकाने बळ येत असेल, मला त्याचे ओझेच झाले असते. मात्र मी अगदी एकटा होतो असेही नाही. सिगारेट सोडणाऱ्यांसाठीच्या मोफत दूरध्वनी सेवेतील समुपदेशकाशी मी ठरलेल्या वेळी बोलत असे. ज्याच्याशी आपला दुसरा कोणताही संबंध नाही, अशा माणसापुढे पत राखण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे खरे बोलणे सोपे जाते. नामुष्कीची धास्ती असणाऱ्यांनी या मार्गाचा विचार करावा.

मला धीर दिला तो एका आकड्याने. रिचर्ड डॉल हे ब्रिटिश संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा मागोवा घेतला, त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सिगारेट ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत वयाच्या तिशीत सोडणाऱ्यांचे आयुष्य सुमारे १० वर्षांनी, चाळिशीत सोडणाऱ्यांचे ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडणाऱ्यांचेही सुमारे ३ वर्षांनी वाढल्याचे त्यात दिसले. 'आता या वयात सोडून काय उपयोग' हा माझा लाडका युक्तिवाद तिथेच संपला.

पुनश्च

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंबरठा यांचा तर्क अचूक ठरला. पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली की तिला तिसऱ्याच दिवशी कळले होते आणि विचारले तर मी बिथरेन म्हणून ती गप्प होती. अर्ध्या तासाचा नियम आमच्याकडेही लागू झाला आहे. कार्यालयात सध्या एकालाच सांगितले आहे. त्याने न देण्याचे कबूल केले, पण तोंड बंद ठेवण्याचे कबूल करायला बराच वेळ घेतला.

निदान यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सिगारेट सोडून काही दिवस झाल्यावर पट्टी सुरू करता येते का? आणि एखाद्या दिवशी तोल गेलाच, तर काय करावे?

निदान

पट्टी आताही सुरू करता येते. उशीर झाला म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. दिवसाला दहांपेक्षा अधिक सिगारेट ओढणाऱ्यांना सामान्यतः २१ मिलिग्रॅमच्या पट्टीपासून सुरुवात करून पुढे १४ आणि ७ अशी मात्रा उतरवत आठ ते बारा आठवड्यांत ती बंद करायची असते. हृदयविकार किंवा अन्य आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तोल जाण्याविषयीची बोलणी आजच, मन शांत असताना पत्नीशी करून ठेवा. एखादी सिगारेट ओढली गेली तर बहुतेक माणसे 'आता सगळेच संपले' असे म्हणून त्याच संध्याकाळी नवे पाकीट आणतात. खरे नुकसान त्या एका सिगारेटपेक्षा या पाकिटाने होते. म्हणून उरलेल्या सिगारेटी लगेच पाण्यात बुडवून टाकायच्या, त्याच दिवशी सांगून टाकायचे, आणि ऐकणाऱ्याने 'मी म्हटलेच होते' असे न म्हणता कुठे, कोणाबरोबर आणि किती वाजता हे घडले एवढेच विचारायचे, असे दोघांनी ठरवा. त्या उत्तरातून पुढच्या वेळी कोणती जागा किंवा वेळ टाळायची हे कळते. पट्टी मात्र एका सिगारेटमुळे बंद करू नये.

पट्टी रोज सकाळी दंडाच्या वरच्या भागावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर लावावी आणि जागा दररोज बदलावी, नाहीतर त्वचा लाल होऊन खाजते. रात्री फारच विचित्र, ठसठशीत स्वप्ने पडू लागली तर झोपण्यापूर्वी ती काढून ठेवण्यास हरकत नाही. मग सकाळची पहिली तलफ थोडी जोरात येईल, तेवढ्यासाठी उशाशी गम ठेवावा.