फिग्माचा प्रोटोटाइप वेबसाइटवर टाकलाय, माझ्याकडे चालतो पण दुसऱ्यांना लॉगिन मागतो

खाडाकर_पुणे
मंडळी, पोर्टफोलिओची साइट वर्डप्रेसवर बनवलीय, स्वतःच्या होस्टिंगवर. मुख्य प्रोजेक्ट मेसचं अ‍ॅप, सदाशिव पेठेत चार वर्षं मेसचं जेवलोय त्यामुळे विषय घरचाच, होम स्क्रीनवर मोठ्ठं बटण 'आज खाडा', दहाच्या आत दाबलं की काकूंच्या यादीत तुमचं ताट कमी. फिग्मातून (डिझाइन करायचं ऑनलाइन साधन) त्याच्या प्रोटोटाइपचा, म्हणजे दाबून बघायच्या नमुन्याचा, एम्बेड कोड (साइटच्या पानातच तो दाखवणारा) घेतला, कस्टम एचटीएमएलच्या ब्लॉकमध्ये टाकला, माझ्या लॅपटॉपवर झकास. परवा इंटरव्ह्यूत त्यांनी त्यांच्या स्क्रीनवर उघडलं तर अ‍ॅपच्या जागी लॉगिनची चौकट, मी नुसता बघत बसलो. शिवाय फोनवर पान खाली सरकवताना बोट प्रोटोटाइपवर पडलं की आतलं अ‍ॅप सरकतं आणि पान तिथल्या तिथे. काय करू?

जुना_फ्रंटएंडवाला
तुझ्याकडे चालतो कारण तू त्याच ब्राउझरमध्ये फिग्मात लॉगिन आहेस भावा. शेअरमध्ये जाऊन लिंक सगळ्यांसाठी उघडी कर, परवानगी फक्त बघण्याची, आणि मग इन्कॉग्निटोत (ब्राउझरची लॉगिन नसलेली खासगी खिडकी) तपास. दुसरं म्हणजे त्या कोडमध्ये रुंदी ८०० उंची ४५० अशी ठोकलेली असते, तुझं अ‍ॅप उभं, म्हणजे मधे बारकुसा फोन आणि दोन्ही बाजूंना मैदान. आयफ्रेमला (पानातली ती चौकट) विड्थ १०० टक्के, मॅक्स-विड्थ ३७५ पिक्सेल दे आणि उंची आकड्यात न देता अ‍ॅस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) ३७५ बाय ८१२ लाव. कोडमधल्या लिंकच्या शेपटाला फूटर=फॉल्स (इंग्रजीत) जोडलंस की खालची पट्टी पण जाते.

पिक्सेलमावशी
लिंक उघडी करायच्या आधी थांब रे! नुसती बघण्याची परवानगी दिलीस तरी मागची फाइलही बघता येते, त्यातले 'फायनल', 'फायनल २', 'हे नको' सगळे फ्रेम्स (एकेका स्क्रीनची चित्रं). पोर्टफोलिओसाठी वेगळी फाइल कर, त्यात लागतात तेवढ्याच स्क्रीन्स कॉपी कर. क्लायंटचं काम असेल तर आधी एनडीए (गोपनीयतेचा करार) वाच, तुझं घरचं आहे म्हणून सुटलास.
स्क्रोलचं म्हणशील तर आयफ्रेम थेट ठेवूच नको, आधी नुसतं चित्र आणि त्यावर 'चालवून बघा' बटण, दाबलं की मगच आयफ्रेम येईल. पानही हलकं राहतं. फोनवर तर तेही नको, सरळ नव्या टॅबमध्ये उघडणारी लिंक दे.

रात्रपाळी
मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला, दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला पोर्टफोलिओ टांगायचाच कशाला? इनव्हिजन, फिग्मासारखंच साधन, २०२४ च्या शेवटी बंद झालं, तिथून एम्बेड केलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. चाळीस सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग कर, एमपीफोर, स्वतःच्या होस्टिंगवर टाक. म्यूट, ऑटोप्ले, लूप आणि प्लेजइनलाइन, हे शेवटचं विसरलास तर आयफोनवर व्हिडिओ पूर्ण स्क्रीन व्यापतो.

पिक्सेलमावशी
@रात्रपाळी व्हिडिओ असावाच, पण व्हिडिओत सगळं सुरळीतच दिसतं हो. मी पोरांचे पोर्टफोलिओ बघते तेव्हा आधी बॅक दाबते, अर्ध्यांचं तिथेच अडतं. त्यामुळे वर व्हिडिओ, खाली चालवायचं बटण.

खाडाकर_पुणे
सगळ्यांचे आभार. वेगळी फाइल केली (जुन्यात ६१ फ्रेम्स होत्या, एकाचं नाव 'काकू चिडल्या'), लिंक उघडी केली, इन्कॉग्निटोत चाललं. व्हिडिओ आज रात्री करतो. आईच्या फोनवर लिंक पाठवली तर तिने पहिल्याच फटक्यात 'आज खाडा' दाबलं आणि विचारलं, "खाड्याचे पैसे महिन्याच्या बिलातून कमी होतात का, ते कुठे दिसतं?" ती स्क्रीनच नाहीये माझ्याकडे. बसलोय आता.