अंतराळ-आरोग्यातल्या नव्या संशोधकांना मार्गदर्शन कसं करावं? सल्ला हवा

हाडांचा_हिशेब (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. मी मूळची हाडांच्या पेशींवर काम करणारी. दोन वर्षांपूर्वी सूक्ष्मगुरुत्वाकडे (अंतराळातल्या जवळजवळ वजनहीन अवस्थेकडे) वळले आणि आता हाताखाली दोघं आलेत. एक पोस्टडॉक, मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर. दुसरी जीवशास्त्राची, पीएचडीचं पहिलं वर्ष. दोघंही हुशार, अडचण माझीच आहे. माझ्या गाइडनी मला घडवलं ते "दर सहा महिन्यांनी एक ग्राफ, तीन वर्षांत पेपर" या शिस्तीत. इथे ते चालत नाही. उड्डाण कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नाही, नमुने बोटांवर मोजण्याइतके, आणि निम्म्या प्रश्नांना मीच "बघून सांगते" म्हणते. पोरांना काय वाचायला द्यावं, कुठे जोडून द्यावं? आणि खरं सांगा, या क्षेत्रात करिअर करा असं त्यांना म्हणावं का?

यान_चुकलेला
ताई, आधी एक गोष्ट: कुणाचाही प्रबंध रॉकेटला टांगू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये अँटारेस रॉकेट उडताक्षणी फुटलं, जून २०१५ मध्ये फाल्कन ९ रॉकेट ड्रॅगन यानासकट गेलं. आठ महिन्यांत दोन मालवाहू यानं, आणि त्यांत विद्यार्थ्यांचे प्रयोगही होते. माझं यान फुटलं नाही, नुसतं पुढे ढकललं जात राहिलं, पण माझं एक वर्ष गेलं ते गेलंच.

प्रश्न असा द्या की ज्याचं उत्तर जमिनीवर मिळेल. नासाच्या ओपन सायन्स डेटा रिपॉझिटरीत आधीच्या उड्डाणांतल्या उंदरांचा, पेशींचा जनुकीय डेटा फुकट पडलाय. त्याभोवती विश्लेषण गट आहेत, त्यांत विद्यार्थ्यांनाही घेतात. तुमच्या पीएचडीवालीला आजच अर्ज करायला सांगा.

उशी_कुठाय
मी पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा माझ्या मेंटॉरनी पहिल्या आठवड्यात एकच काम दिलं: जुने बेड रेस्टचे पेपर काढ आणि 'पद्धती' वाचून सांग, कुणाला उशी दिली होती का. मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. या प्रयोगांत माणसांना डोकं ६ अंश खाली ठेवून आठवडेच्या आठवडे झोपवतात, म्हणजे शरीरातले द्रव अंतराळातल्यासारखे डोक्याकडे सरकतात. अंतराळवीरांच्या डोळ्यांत दृष्टिचेतेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या) मुळाशी सूज दिसत होती, पण जुन्या बेड रेस्टमध्ये ती तशी सापडत नव्हती. मग ३० दिवसांचा कडक प्रयोग झाला. उशी नाही, डोकं उचलायचं नाही, हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा वाढवलेला. ११ पैकी ५ जणांना सूज आली. सगळ्यांनी बोट दाखवलं कार्बन डायऑक्साइडकडे. पुढे साध्या हवेतल्या ६० दिवसांच्या कडक प्रयोगातही सूज दिसली, तेव्हा कळलं की त्या वायूशिवायही ती येते. डोकं किती काटेकोरपणे खाली होतं, याला वजन होतं.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं. तुमच्या इंजिनिअरला असंच काहीतरी द्या. शेपटीने टांगलेल्या (म्हणजे मागच्या पायांवर भार न येणाऱ्या) उंदरांचे दहा पेपर द्या आणि विचारा, कोन किती, पिंजऱ्यात एकटा होता की जोडीने, खाणं कमी झालं होतं का. त्यालाच हे आधी दिसेल, पैज लावते.

सगळेच_रुग्ण
मी डॉक्टर, म्हणून वेगळं टोचतो. २०१९ साली ११ अंतराळवीरांचा अभ्यास छापून आला. सुमारे ५० व्या दिवशी सहा जणांच्या मानेतल्या शिरेत रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं, आणि एकाच्या शिरेत गुठळी सापडली. हे नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत नव्हे, संशोधनासाठी केलेल्या सोनोग्राफीत. उद्या तुमच्या पोरीला पडद्यावर असं काही दिसलं तर ती कुणाला फोन करणार? हे आधी ठरवा, लिहून ठेवा.

दुसरं, गोपनीयता. अंतराळवीर इतके थोडे की वय, लिंग आणि मोहिमेचं वर्ष लिहिलंत की नाव लिहिल्यासारखंच. त्यामुळे पेपर परवानगीत अडकतात, आणि तरुण माणसाला वाटतं आपलंच काम वाईट आहे.

गुरुत्वहीन
उशीचा किस्सा 👌

चेकलिस्ट_काका
वरच्या यानवाल्याशी अर्धाच सहमत. उड्डाण अजिबात नको असं करू नका. एकदा तरी पोरांना क्रूसाठीची कृती लिहायला लावा. तरंगणाऱ्या, घाईत असलेल्या, तुमचा विषय न शिकलेल्या माणसाला वीस मिनिटांत जमेल अशी. आमच्याकडे एकाने "नमुना हलकेच हलवा" असं लिहिलं होतं. हलकेच म्हणजे किती? सेकंद लिही म्हटलं.

अवांतर: लेखकांची नावं कोणत्या क्रमाने लावायची ते प्रयोगाआधी कागदावर घ्या. जुळ्या अंतराळवीरांच्या अभ्यासात ८४ संशोधक होते. एवढ्या गर्दीत पीएचडीवाली कुठे दिसणार?

सगळेच_रुग्ण
करिअरचा प्रश्न सगळ्यांनी टाळला. व्यायाम नसेल तर वीरांच्या कंबरेच्या हाडातलं खनिज महिन्याला एक-दीड टक्का जातं, आणि तीच झीज अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचीही होते. असं कौशल्य शिकवा की अंतराळाचा निधी आटला तरी हॉस्पिटलात किंवा कंपनीत ते उपयोगी पडेल. मग "या" म्हणायला हरकत नाही. तुमचा पोस्टडॉक अमेरिकेतल्या संस्थेत असेल तर ह्यूस्टनच्या ट्रिश (TRISH) या अंतराळ-आरोग्य संशोधन संस्थेची फेलोशिप बघा. तिथे मेंटॉरिंगचा वेगळा गटही आहे, म्हणजे सगळा भार तुमच्यावर नाही.

हाडांचा_हिशेब
सगळ्यांचे आभार. अर्ज आज रात्रीच भरते. उंदरांचे दहा पेपरही ठरले. एकच शेवटचं: इंजिनिअरला पेशी कशा शिकवू? तो पुस्तक घेऊन बसतो आणि झोपतो.

उशी_कुठाय
तुम्ही नका शिकवू. पीएचडीवालीला त्याला शिकवू द्या, आणि त्याने तिला ताण आणि विकृती (स्ट्रेस-स्ट्रेन, म्हणजे भाराखाली वस्तूचा आकार किती बदलतो ते) शिकवावी. आठवड्यातून एक तास, फळ्यावर. तुम्ही मागे बसा आणि काहीही झालं तरी बोलू नका. मला जमायला चार महिने लागले.