मदत हवी आहे: केसपेपरवरून सर्व्हायव्हल काढायचंय, निम्मे पेशंट गायब

ओपीडीत_अडकलोय
थिसिस जमा करायची तारीख डोक्यावर आलीय. रेकॉर्ड रूममधून केसपेपर काढून बसलोय, स्टेजप्रमाणे सर्व्हायव्हल, म्हणजे किती पेशंट किती काळ जगले, ते काढायचंय. पण निम्मे पेशंट ऑपरेशननंतर दोन-तीनदा दाखवायला आले आणि मग पत्ताच नाही. गाईड मॅडम म्हणतात, फॉलोअप नाही ते काढून टाक. स्टॅटवाले सर फोन उचलत नाहीत. काढून टाकले तर चालेल का? लवकर सांगा, लेक्चर नको.

गणोबा
कसला आजार? कुठल्या सालचे पेपर? किती पेशंट? एकही गोष्ट न लिहिता लवकर सांगा म्हणे.

ओपीडीत_अडकलोय
ईएनटीला आहे, विदर्भात आहे, म्हणजे तोंडाचाच कॅन्सर असणार ना. २०१५ ते २०१९. दोनशेच्या आसपास.

आकडेवाली_मावशी
अजिबात काढू नकोस. पेशंट शेवटचा ज्या तारखेला जिवंत दिसला, तिथपर्यंत त्याचा काळ मोजायचा आणि पुढे 'सेन्सॉर्ड' लिहायचं, म्हणजे पुढचं माहीत नाही. कापलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये पद्धत दिली ती असल्याच अर्धवट नोंदींसाठी. काढून टाकलेस तर उरणार कोण? गाठ पुन्हा आली म्हणून परत आलेले, नाहीतर दवाखान्याजवळ राहणारे. मग तो अभ्यास तेवढ्यांचाच.

डॉ_खडूस
मावशी, पुस्तकात ठीक आहे. पण त्या पद्धतीत गृहीत काय धरलंय? सोडून गेलेल्यांची गत राहिलेल्यांसारखीच. सरकारी दवाखान्यात आयुष्य गेलं माझं. जो येत नाही, तो बरा झाला म्हणून येत नाही असं क्वचित. बहुतेक घरीच वारलेले असतात. सेन्सॉर केलंत की आलेख उगाच गोड दिसतो. फोन लाव बाबा एकेकाला. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, तिथली माणसं गावोगाव जाऊन विचारतात. खुर्चीत बसून हे होत नाही.

आकडेवाली_मावशी
मग दोन्ही कर. एकदा सेन्सॉर करून, एकदा सगळे गायब पेशंट शेवटच्या भेटीनंतर लगेच वारले असं धरून. गायब झालेल्यांची गत राहिलेल्यांपेक्षा बरी नसेल, तर खरं उत्तर या दोन आलेखांच्या मध्ये कुठेतरी आहे. दोन्ही छाप. फरक फार निघाला तर तेही लिही, लपवू नकोस.

कमिटीत_बसलेला
थांबा, फोन लावायच्या आधी एथिक्स कमिटीचं पत्र बघ. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जुन्या नोंदींच्या अभ्यासाला संमतीतून सूट मिळू शकते, पण ती ओळख पुसलेल्या नोंदींना, किंवा ज्यांच्याशी संपर्कच होऊ शकत नाही त्यांना. तू फोन केलास की संपर्क झाला. आधी कमिटीकडे सुधारित प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा) टाक. फोनवर पहिलं वाक्य काय बोलणार तेही लिहून दे. 'हॅलो, तुमचे वडील आहेत का गेले?' असं विचारणारे रेसिडेंट पाहिलेत मी.

आरप्रेमी
एक्सेल फेकून द्या. आकडेवारीसाठी आर ही संगणक भाषा वापरा, त्यात सर्व्हायव्हल नावाचंच पॅकेज आहे, फुकट.

डॉ_खडूस
त्याने सॉफ्टवेअर विचारलंय का?

चिंताग्रस्त
विषय निघालाच आहे म्हणून. मेव्हणे रोज खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात, गालात आतून पांढरा चट्टा आहे आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. थिसिसमध्ये अशांचं काय होतं?

गणोबा
थिसिस राहू द्या, त्यांना या आठवड्यात ईएनटी किंवा दंतवैद्याकडे न्या. बायॉप्सी सांगितली तर टाळू नका.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर: गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणतात. आमच्या चौकात पन्नीत खर्रा घोटत बसलेल्या भाऊला कोणीतरी कळवा.

गणोबा
मूळ मुद्द्यावर येतो, कोणीच विचारलं नाही म्हणून. स्टेज कुठल्या टीएनएमप्रमाणे (कॅन्सरची स्टेज ठरवायची पद्धत, त्यातला टी म्हणजे मूळ गाठ)? २०१८ पासून आठवी आवृत्ती लागू झाली. सातवीत टी ठरवताना गाठीचा आकार बघायचे, आठवीत गाठ आत किती खोल शिरलीय तेही आलं. दीड सेंटिमीटरची, पण सात मिलिमीटर खोल गाठ आधी टी१ होती, आता टी२. केसपेपरवरची स्टेज जशीच्या तशी उतरवलीस तर २०१८ नंतर टी१ मधले वाईट पेशंट टी२ मध्ये सरकलेले असणार. टी२ मध्ये ते बाकीच्यांपेक्षा बरे ठरतात, त्यामुळे दोन्ही गटांचं सर्व्हायव्हल वाढलेलं दिसेल. उपचार तेच, पेशंटही तसेच. सगळ्यांना एकाच आवृत्तीत बसव.

ओपीडीत_अडकलोय
जुन्या रिपोर्टमध्ये खोली लिहिलेलीच नाही.

गणोबा
गाठीच्या स्लाईड असतील ना. पॅथॉलॉजीच्या रेसिडेंटला चहा पाज, मोजून देईल. जिथे स्लाईड मिळणार नाही तिथे सातवीच धर, आणि मग सगळ्यांनाच सातवी.

ओपीडीत_अडकलोय
बरं. म्हणजे काढून टाकायचे नाहीत हे नक्की? मॅडमना काय सांगू?

आकडेवाली_मावशी
सांगू नकोस, दोन्ही आलेख पुढे ठेव. आणि काळ मोजायला सुरुवात कुठून केलीस? बायॉप्सीची तारीख की ऑपरेशनची?

ओपीडीत_अडकलोय
केसपेपरवर जी सापडेल ती.

डॉ_खडूस
मावशी, आता तुम्हीच बघा.