मदत हवी आहे: चाकूच्या मुठीसाठी अबलोनीचा अखंड शिंपला

करवतकाठी
घाईत आहे, म्हणून मुद्द्याचं लिहितो. चाकूच्या मुठीला दोन्ही बाजूंनी लावायला अबलोनीची (आतून रंगीत चमकणारं कवच असलेली मोठी समुद्री गोगलगाय) जुळती जोडी हवी आहे. अखंड शिंपल्याची, चिकटवलेली नको. नेहमीचा विक्रेता म्हणतो माल संपला, पुन्हा कधी येईल माहीत नाही. दुसरीकडे आहे तिथे किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. पातं तयार आहे, अडलंय ते मुठीपाशी. 'शिसवी लाकूड लाव' हा सल्ला कृपया नको.

शेवटचीगाडी
राहता कुठे? चाकू घडीचा की सरळ? लांबी, जाडी? काहीच लिहिलं नाहीत आणि घाई म्हणताय.

मीठभाकर
शिसवीच लावा हो. गावाकडे आजोबांचा अडकित्ता...

तळ्यातमळ्यात
पाउआ घ्या, म्हणजे न्यूझीलंडचा अबलोनी, विषय संपला. मी न्यूझीलंडला असतो. निळा-हिरवा रंग असा की बाकीचे शिंपले फिके पडतात. इथे हौशींना स्कूबा (पाठीवरची हवेची टाकी) लावून काढायला बंदी आहे आणि बहुतेक ठिकाणी १२५ मिमीपेक्षा लहान उचलता येत नाही, म्हणून अजून टिकून आहे. मात्र २०१६च्या भूकंपात इथल्या कायकोउरा किनाऱ्याचा समुद्रतळ वर उचलला गेला, पाउआ उघड्यावर पडून मेले. तिथली मासेमारी २०२१च्या शेवटी पुन्हा सुरू झाली.

रानवाट
@तळ्यातमळ्यात, पाउआ पातळ आणि खोलगट. मुठीएवढा सपाट, जाड तुकडा निघतो का कधी? बांगड्या, कानातली ठीक आहेत.

तळ्यातमळ्यात
निघतो. शोधायला नजर लागते.

करवतकाठी
कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ. घडीचा चाकू. मूठ चार इंच, शिंपला तीन मिमी तरी हवा. इथे चिनी रेस्टॉरंटांत अबलोनी सर्रास मिळतो, मग शिंपल्याचाच दुष्काळ कसा?

किनारकर
कारण ताटात येतो तो शेतीतला. तीनेक वर्षांचा झाला की साडेतीन-चार इंचांवर विकून टाकतात. तेवढ्याचं कवच पातळ आणि वाकडं, घासून सपाट करेपर्यंत हातात काही उरत नाही. तुम्हाला हवा तो जुना, दांडगा रेड अबलोनी (अबलोनीची एक जात), आणि तो तुमच्याच दारात संपत आलाय. कॅलिफोर्नियातली व्यापारी मासेमारी १९९७ला बंद झाली. उत्तर किनाऱ्यावर हौशी पाणबुड्यांना सात इंचांवरचा काढता यायचा. पण २०१३पासून तारामाशांवर रोग आला, त्यापाठोपाठ पाणी तापलं. तारामासे गेल्यावर जांभळ्या समुद्री साळूंना (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) खाऊन आवरणारं कुणी उरलं नाही, त्यांनी केल्पची, म्हणजे अबलोनी खातात त्या उंच समुद्री शेवाळाची, जंगलं साफ केली आणि अबलोनी उपाशी मेले. २०१८पासून हौशींनाही बंदी. ब्लॅक आणि व्हाइट या जाती तर आधीच संकटग्रस्तांच्या यादीत आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

करवतकाठी
शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजात जुने मोठे शिंपले रचलेत. विकत घेऊ का?

किनारकर
विकत नको. हौसेने पकडलेला अबलोनी तिथे विकता येत नाही, कवचसुद्धा. भेट म्हणून देतो का विचारा, आणि तो चाकू विकायचा विचार सोडा.

शेवटचीगाडी
चाकूला बोल्स्टर, म्हणजे मुठीच्या टोकांना धातूचे तुकडे, आहेत का?

करवतकाठी
आहेत ना, दोन्ही टोकांना. घडीच्या चाकूला बरेचदा असतात, त्यात सांगायचं काय?

शेवटचीगाडी
अहो मग चार इंच कशाला हवेत! दोन्हीकडचे बोल्स्टर वजा करा, मधे अडीच इंचांच्या आसपास उरेल. तेवढा तुकडा जुन्या साठ्यातही सापडतो. चार इंची अखंड जोडी मागितलीत तर विक्रेता सोन्याचा भाव सांगणारच.

रानवाट
तरी लॅमिनेटच घ्या. शिंपल्याचे कागदासारखे पापुद्रे रेझिनने थरावर थर चिकटवलेले असतात, तडकत नाही, हवा तेवढा लांब मिळतो. शिंपलाही वाया जात नाही.

तळ्यातमळ्यात
प्लास्टिकचा शिंपला.

रानवाट
गिटारवरच्या शिंपल्याच्या नक्षीत बरेचदा तेच असतं, तेव्हा सगळे वा वा करतात.

मीठभाकर
गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले असायचे. ते चालतील का?

किनारकर
ते अगदी पातळ, आणि त्या शिंपल्याला भारतात वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. खिडक्या खिडक्यांतच राहू द्या.

मोगरा_७
विळीला घरी धार कशी लावावी? गॅलरीच्या कठड्यावर घासते, पण टिकत नाही.

करवतकाठी
ताई, वेगळा धागा काढा. @शेवटचीगाडी, मोजलं, सव्वादोन इंच. म्हाताऱ्याने दोन शिंपले असेच दिले. आतून मधल्या, स्नायू चिकटतो त्या भागाची नक्षी जबरदस्त आहे, पण पाठीला किड्यांची भोकं आहेत. घासताना आरपार निघालं तर?

शेवटचीगाडी
त्याच शिंपल्याचा चुरा आणि सुपरग्लू भरा, लक्षात येत नाही. घासताना पाणी सोडत राहा, कोरडं घासू नका, आणि चांगल्या दर्जाचा मास्क लावा. ती धूळ छातीला फार वाईट.