मोठा प्रशिक्षक कोण : क्लब बदलत गेलेले बेनेट की स्टॉर्म न सोडणारे बेलामी?

तेरावा_गडी
ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगबद्दल बोलतोय. तेरा गडी, बॉल घेतलेल्याला सहा वेळा धरून पाडलं (टॅकल) की बॉल समोरच्यांकडे. पंधरा गड्यांची रग्बी युनियन वेगळी.

माझं मत असं, की प्रशिक्षकाचा खरा कस क्लब बदलल्यावर लागतो. वेन बेनेट १९८८ ते २००८ ब्रिस्बेन ब्रॉंकोजकडे होते, तिथे सहा विजेतेपदं मिळवली. मग सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्सला गेले आणि दुसऱ्याच मोसमात, २०१० ला, ग्रँड फायनल (मोसमाचा अंतिम सामना) जिंकली. मध्यंतराला ६-८ ने मागे, शेवटी ३२-८. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांना एकही गुण दिला नाही. २०२३ ला तर डॉल्फिन्स हा कोरा करकरीत संघ घेतला आणि पहिल्याच सामन्यात रूस्टर्सना २८-१८ हरवलं.

क्रेग बेलामी २००३ पासून मेलबर्न स्टॉर्मलाच आहेत. बाहेर न्यू साउथ वेल्स राज्याचा संघ सांभाळला, तर २००८ ते २०१० तिन्ही ओरिजिन मालिका (दरवर्षीची न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड राज्य) गेल्या.

डमीहाफ
साफ असहमत. त्या क्वीन्सलँडने २००६ ते २०१३ सलग आठ मालिका जिंकल्या आणि त्यांच्याकडून कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, ग्रेग इंग्लिस खेळत होते. तिघेही स्टॉर्ममध्ये बेलामींच्याच हाताखाली घडलेले!

शिवाय एका जागी वीस वर्षं राहिल्याने काय साधतं ते स्टॉर्मच्या टॅकलमध्ये बघा. पहिला गडी छातीपाशी, बॉलसकट हात जखडतो. दुसरा वरून धरून वेग मारतो. तिसरा पायाला येतो आणि मग तिघं मिळून त्याला पाठीवर पाडतात. पोटावर पडलेला गडी झटकन उठून टाचेने बॉल मागे सारतो, पाठीवरच्याला आधी कुशीवर वळावं लागतं. तेवढ्या एक-दोन सेकंदांत बचावाची रांग दहा मीटर मागे जाऊन नीट उभी राहते. तिसरा गडी उशिरा आला तर हात सुटतो आणि ऑफलोड (पाडलं जाता जाता साथीदाराला दिलेला पास) जातो. जास्त वेळ दाबून धरलं तर पेनल्टी. हे अंगवळणी पडायला मोसमच्या मोसम लागतात. नुसत्या जोशाचं हे काम नाही.

लाईनब्रेक
स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा) मोडल्याबद्दल २०१० मध्ये काढून घेतली, हेही लिहा की. मर्यादेबाहेर पैसे मोजून टिकवलेला संघ होता तो. 'एका जागी घडवलं' म्हणताना हे वजा करायला हवं.

डमीहाफ
वजा करा. तरी २०१२, २०१७, २०२० उरतातच. इंग्लिस क्लब सोडून गेल्यावर, शिक्षा म्हणून अख्खा २०१० चा मोसम शून्य गुणांवर खेळल्यावर, दोन वर्षांत पुन्हा विजेते. २०२० ला तर नियमच बदलला होता: टॅकलमध्ये रेंगाळलात की पेनल्टीऐवजी समोरच्यांना नव्याने सहा टॅकल. स्टॉर्मची सवयच मोडणारा नियम, तरी फायनल २६-२० जिंकली.

आणि बेनेट जातात तिथे माणसं घेऊन जातात. डॅरियस बॉइड ब्रॉंकोजहून ड्रॅगन्सला, तिथून न्यूकॅसलला, परत ब्रॉंकोजला, दर वेळी बेनेटांच्या मागोमाग. तरी न्यूकॅसलला तीन वर्षांत एकदाच, २०१३ ला, प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (फायनलच्या आधीची फेरी) पोचले.

तेरावा_गडी
न्यूकॅसल फसलं, मान्य. अनुभवी गडी भरले की पहिलं वर्ष-दोन वर्षं भागतं, पण मागून तरुण फळी आली नाही तर सगळं एकदम खचतं.

पण २०२० चं ओरिजिन घ्या. बेनेट क्वीन्सलँडचे प्रशिक्षक म्हणून आयत्या वेळी आले, तयारीला जेमतेम काही आठवडे, त्या संघाला कोणी मोजतही नव्हतं. मालिका २-१ जिंकली. तिघांच्या टॅकलचं घोटून घेणं एवढ्या वेळात होत नाही. तिथे मोजके डाव आणि प्रत्येकाला त्याचं एकच काम नेमून देणं, हेच चालतं. याला मी जास्त मानतो.

लाईनब्रेक
दोघांनी मायकेल मॅग्वायर यांचा विचार करावा. स्टॉर्ममध्ये बेलामींचे सहाय्यक होते. मग प्रशिक्षक म्हणून साउथ सिडनी क्लबला २०१४ मध्ये ४३ वर्षांनी विजेतेपद, मग २०२५ ला ब्रॉंकोजकडून फायनलमध्ये स्टॉर्मलाच २६-२२ हरवलं.

डमीहाफ
मग ती बेलामींचीच तालीम झाली ना?

तेरावा_गडी
बेलामी स्वतः आधी ब्रॉंकोजमध्ये बेनेटांचे सहाय्यक होते, तेव्हा तालीम नेमकी कोणाची ते ठरवणं अवघड आहे. आणि ती दुसऱ्या क्लबात चालते हे कळलं, ते मॅग्वायर बाहेर पडले म्हणून.