सिस्टिमच्या कमांडचं नाव आपल्या एलियसला (कमांडला दिलेल्या टोपणनावाला) किंवा प्रोग्रामला द्यावं का?

इंदूरकर:
रामबागेत रविवारी आम्ही कॉलेजच्या मुलांना लिनक्स शिकवतो. परवा एका मुलीनं सी भाषेतल्या प्रोग्रामला 'टेस्ट' नाव दिलं. चालवला की काहीच छापेना. कोड अगदी बरोबर होता! पण 'टेस्ट' ही बॅशची, म्हणजे आपल्या कमांड चालवणाऱ्या शेलची, बिल्ट-इन (त्याच्या आतच असलेली) कमांड आहे. बॅश आधी एलियस बघतो, मग फंक्शन, मग बिल्ट-इन, आणि पाथमधल्या (प्रोग्राम जिथं शोधायचे त्या यादीतल्या) डिरेक्टऱ्या सगळ्यात शेवटी. नावाआधी डॉट-स्लॅश (म्हणजे 'याच डिरेक्टरीतला') लावल्यावर तिचा प्रोग्राम चालला.
म्हणून माझं ठाम मत: सिस्टिममध्ये असलेलं नाव आपल्या कशालाच देऊ नये. फाइल उडवणाऱ्या 'आरएम'ला 'आरएम -आय'चा, म्हणजे उडवण्याआधी विचारणाऱ्या रूपाचा, एलियससुद्धा नको. 'विचारेलच' अशी सवय लागते, आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर फाइली न विचारता उडतात.

पलासियाकर:
काका, टेस्टचं पटलं, आरएमचं नाही. रेड हॅट लिनक्स तर रूटच्या (मुख्य युजरच्या) बॅशआरसीत, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलीत, हा एलियस स्वतःच घालून देतं. स्क्रिप्ट (फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांड) चालवताना बॅश एलियस मुळात वापरतच नाही, त्यामुळे तिथं काही बिघडत नाही. नको असेल तेव्हा आधी बॅकस्लॅश द्या, मूळ कमांड चालते. शिकाऊ मुलाची एक फाइल वाचली तरी मला तो हवा.

बडोदेकर:
नाव टाळण्याचाही जाच असतो हो. वेगळं काम करणाऱ्या दोन पॅकेजेसनी एकाच नावाची कमांड द्यायची नाही, असा डेबियन लिनक्सचा नियम. म्हणून डेबियनवर बेतलेल्या उबुंटूवर फाइली शोधणाऱ्या 'एफडी'ची 'एफडीफाइंड' झाली. मुलं ट्युटोरियल बघून 'एफडी' देतात आणि 'कमांड नॉट फाउंड' वाचून अडकतात. मी सरळ एलियस करून देतो. त्यांना कमांडची फाइल कुठं आहे ते सांगणारी 'व्हिच' शिकवा, पुरे.

इंदूरकर:
व्हिचला माझा सक्त विरोध! उबुंटूच्या बॅशमध्ये ती बाहेरची कमांड, तिला फक्त पाथ दिसतो. 'व्हिच टेस्ट' विचारा, यूएसआर-बिन डिरेक्टरीतली फाइल दाखवेल, आणि चालते भलतीच. 'टाइप -ए टेस्ट' द्या, त्या नावाचे सगळे ओळीनं समोर येतात, आणि पहिला असेल तोच चालतो.

बडोदेकर:
झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये व्हिच बिल्ट-इन आहे, एलियसही दाखवते. मॅकवर 2019 पासून तोच डिफॉल्ट शेल.

पलासियाकर:
लॅबमध्ये बॅश आहे, तेव्हा 'टाइप -ए' मान्य. सोबत 'हॅश -आर'पण शिकवा काका. पाथमध्ये आधीच्या डिरेक्टरीत नवी आवृत्ती टाकली तरी बॅश लक्षात ठेवलेली जुनीच चालवतो; 'हॅश -आर' ती आठवण पुसते. पण लॅबच्या मशिनींवरून आरएमचा एलियस मी काढू देणार नाही.