तुळजापूरला कुलदर्शन, सोबत ७४ वर्षांच्या सासूबाई: धाराशिव जिल्ह्यात आणखी काय पाहावं?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. मुलाचं लग्न वैशाखात झालं, पण लगेच दोघांच्या नोकऱ्या सुरू झाल्या आणि नव्या जोडप्याला देवीला नेणं राहिलं ते राहिलंच. आता भाद्रपदात, गणपती गेल्यावर दोघांना सुट्टी मिळतेय. आम्ही पाच जण, नाशिकहून आमच्याच गाडीने. जायचा-यायचा वेळ सोडून हातात अडीच दिवस.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना फार त्रास होतो. पण देवीची ओटी स्वतः भरायचीच, हा त्यांचा हट्ट आहे आणि मला तो मोडायचा नाही. मुलाला किल्ल्यांची आवड आहे, सूनबाई इतिहासाच्या पदवीधर. मला स्वतःला एवढंच हवंय की सगळा वेळ गाडीत जाऊ नये.

सगळे सांगतात, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एका दमात करा. खरंच तसंच करावं का? की तिथेच आसपास बघण्यासारखं काही आहे?

वाटसरू४७:

आम्ही तीनही देवस्थानं दोन दिवसांत केली. सोलापुरात मुक्काम केला तर सोयीचं पडतं. पंढरपूरला पददर्शनाची रांग लांब असेल तर मुखदर्शन घ्या आणि निघा. वयस्कर माणूस बरोबर असेल तर पहाटे लवकर जा, एवढंच सांगेन.

तेरणाकाठ:

ताई, मी याच जिल्ह्यात ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांच्या सहली काढल्या, घरी येणाऱ्या पाहुण्यांना फिरवलं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी तारखेचं बघा. भाद्रपद वद्य अष्टमीला देवी निद्रेला जाते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून शेजघरात पलंगावर निजवतात. नवरात्राआधीची ही घोरनिद्रा अमावास्येपर्यंत असते आणि घटस्थापनेला देवी परत सिंहासनावर येते. या दिवसांत दर्शन मिळतं, पण ते निजलेल्या देवीचं. सिंहासनावरची पूजा आणि अभिषेक होत नाहीत. तुम्हाला नव्या जोडप्याच्या हातून अभिषेक करायचा असेल तर नेमकी त्याच दिवसांत खेप पडायला नको. शिवाय तो पितृपंधरवडा. आमच्याकडे नवं जोडपं त्या पंधरवड्यात देवाला नेत नाहीत. तुमच्या घरची रीत सासूबाईंना विचारा. माझं ऐकाल तर गौरी विसर्जनानंतर लगेच, अनंत चतुर्दशीच्या आत या. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळा. बुधवार-गुरुवार त्यातल्या त्यात निवांत.

पायऱ्यांचं सांगतो. इतर देवस्थानांत डोंगर चढून देवाला जायचं असतं, तुळजापुरात पायऱ्या उतरून खाली जायचं. बालाघाटाच्या उतारावर देऊळ आहे. महाद्वारातून खाली गेलं की कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, मग पुढे आवार. म्हणजे सासूबाईंना जाताना सोपं वाटेल, खरा कस परतताना. सगळी शक्ती दर्शनातच संपवू देऊ नका. ओटी भरून झाली की आवारात अर्धा तास टेकू द्या, पाणी पाजा, मग दहा-बारा पायऱ्यांनी थांबत वर या. माझ्या आईला मी तसंच वर आणायचो. ती प्रत्येक टप्प्यावर मागे वळून कळसाला हात जोडायची, त्यामुळे थांबलो म्हणून तिला कधी कमीपणा वाटला नाही.

तुमच्या घराण्याचे पुजारी ठरलेले असतील. त्यांना आठ दिवस आधी फोन करा, वयस्कर माणूस आहे हे स्पष्ट सांगा, म्हणजे काय सोय होते ते तेच सांगतील. रस्त्यात कुणी "रांगेशिवाय दर्शन करून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. माझ्या मेहुण्यांनी दिले होते. तो माणूस महाद्वारापर्यंत आला आणि गर्दीत दिसेनासा झाला. पास लागलाच तर मंदिराच्या अधिकृत खिडकीवरच घ्या.

आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे, तो मुलांना दाखवा. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागीच राहिला तर कामाला वेळ लागणार, अशी समजूत आहे. नव्या जोडप्यांची तिथे गर्दी असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. अक्कलकोट आणि पंढरपूर दोन्ही सोलापूर जिल्ह्यात, आणि तुळजापूरहून दोन वेगळ्या दिशांना. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन दिवसांत तीन रांगांत उभं करणं मला पटत नाही. तीनही देवांना हात लागतात, हे खरं. पण एकाही देवाजवळ बसणं होत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: एक दिवस तुळजापूरला द्या, अर्धा दिवस नळदुर्गला, आणि उरलेला एक पूर्ण दिवस तेरला. हो, पूर्ण दिवस.

नळदुर्ग तुळजापूरहून तीस-पस्तीस किलोमीटर. बोरी नदीचं पाणी वळवून किल्ल्यातच बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. १६१३ सालचं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं काम. पाऊस चांगला झाला आणि बांध भरला की पाणी दोन सांडव्यांवरून खाली कोसळतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. महालाच्या गवाक्षात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा आणि आत आपले कपडे कोरडे. मी सातवीची मुलं घेऊन गेलो होतो तेव्हा चाळीस मुलं एकदम गप्प झाली. शिक्षक म्हणून सांगतो, असं फार क्वचित होतं. पण पाणी असेलच याची खात्री नाही, आणि जोर असेल तेव्हा रखवालदार अडवतील तिथे थांबायचं. उपळ्या बुरुजावर मुलगा-सून चढतील, सासूबाईंना खाली सावलीत बसवा. कागदावर आखणी करणारे जवळच्या अणदूरलाही जायला सांगतात. अणदूर आणि नळदुर्ग दोन्हीकडे खंडोबाचं देऊळ आहे, पण मूर्ती एकच. ती वर्षातला काही काळ नळदुर्गला असते, बाकीचा अणदूरला. आधी देव कुठे आहे ते विचारून घ्या, म्हणजे फेरा वाचेल.

आता तेर. धाराशिवहून वीसेक किलोमीटर, तेरणा नदीच्या काठी. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. त्यांची समाधी नदीकाठच्या देवळात आहे. समाधीचं वर्ष १३१७, तिथी चैत्र वद्य त्रयोदशी. यात्रा तेव्हाच भरते. इतर दिवशी तिथे इतकी शांतता असते की नदीवरून आलेला वारासुद्धा ऐकू येतो. संतांच्या मेळ्यात थापटणं, म्हणजे मडकं थापायची लाकडी फळी, घेऊन एकेकाचं डोकं कच्चं की पक्कं ते तपासणारे हेच गोरोबा, आणि नामदेवांना कच्चं मडकं म्हणणारेही हेच. सासूबाईंना ही गोष्ट नक्की ठाऊक असेल. त्यांना ती तिथे बसून सांगायला लावा. सपाट जागा आहे, रांग नाही, कुणी पुढे चला म्हणत नाही.

आणि सूनबाईंसाठी: तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे नगर सांगितलंय. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं. त्रिविक्रमाचं देऊळ अवश्य पाहा. मागची बाजू गजपृष्ठाकार आहे, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोल, आणि ते विटांचं आहे. मुळात ते बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. आज आत विष्णू उभा आहे आणि गावकरी रोज दिवा लावतात. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच.

रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय मात्र चुकवू नका. हे गृहस्थ याच गावचे. पावसाळ्यात पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, माती वाहून जायची आणि वर मणी, नाणी, बाहुल्या दिसायच्या. त्या त्यांनी जन्मभर गोळा केल्या. आज त्या काचेत आहेत. शंखाच्या बांगड्या आहेत. दोन साच्यांत दाबून जोडलेल्या मातीच्या बाहुल्या आहेत. पाण्यावर तरंगणाऱ्या विटा आहेत. मातीत तूस मिसळून भाजल्यामुळे त्या आतून सच्छिद्र झाल्या. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही सापडली. तशीच मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत मिळालेली आहे. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. आपल्या तेरणेकाठचा कारागीर आणि समुद्रापलीकडचं ते गाडलं गेलेलं शहर! सोमवार सोडून जा, सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

येताना नगर-करमाळ्यावरून आलात तर परांड्याचा किल्ला वाटेवर पडेल. मुलाला आवडेल. १६०० मध्ये नगर पडल्यावर निजामशाहीची गादी इथे हलली होती. खंदक शाबूत आहे, तोफा आहेत. दीड तास पुरे.

गोदाकाठ:

गुरुजी, इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू! सासूबाईंना वाचून दाखवलं. पितृपंधरवड्याला त्यांचाही नकारच आहे, तारीख बदलतेय. मुक्काम कुठे करावा? आणि धाराशिवची लेणी, येडशीचं रामलिंग, येरमाळ्याची येडेश्वरी हे बसेल का?

तेरणाकाठ:

पहिली रात्र तुळजापूर, दुसरी धाराशिव. दोन्हींत अंतर पंचवीसेक किलोमीटर, धावपळ होत नाही. लेण्यांचा रस्ता आणि चढ सासूबाईंसाठी नको. येडशीचं रामलिंग छान आहे, घाटात खोल उतरून देऊळ आहे, पावसाळ्यात धबधबा असतो, जटायूची कथा तिथलीच. पण परत पायऱ्या आल्या आणि माकडं हातातली पिशवी ओढतात. येडेश्वरीला चैत्र पौर्णिमेला या. त्या यात्रेत बायका-पुरुष रानात चुन्याचे खडे वेचतात, ते बघण्यासारखं असतं. एरवी घाईत उरकू नका.

धाराशिवला गुलाबजाम खा. या भागात दुधाचा खवा मोठ्या प्रमाणावर होतो, चव त्यामुळे आहे.

माळरान:

गुरुजींच्या उत्तरात एक भर. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी आमचं सिद्धक्षेत्र आहे, कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या मोक्षाची जागा. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचं व्रत, घेतली ती इथेच. जैन नसलेलेही येतात, सगळ्यांचं स्वागत असतं. टेकडीवरून दिसणारा प्रदेश पावसाळ्यात फार सुंदर असतो. कुंथलगिरीचा पेढा तर घेऊनच जा.

गोदाकाठ:

मंडळी, काल घरी पोचलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुधवारी पहाटे तुळजापूर. सासूबाई उतरताना माझा हात धरून होत्या, गाभाऱ्यासमोर आल्यावर हात सोडला. ओटी त्यांनीच भरली: खण, नारळ, आणि घरून आणलेले तांदूळ. परतताना अकरा वेळा थांबलो. प्रत्येक वेळी त्या वळून कळस बघायच्या. मी तुमच्या आईंचं सांगितलं होतं, गुरुजी, म्हणून. चिंतामणीला काय विचारलं ते मुलगा-सून सांगायला तयार नाहीत.

नळदुर्गला सांडव्यावरून पाणी नव्हतं. पाऊस कमी झालाय. मुलगा हिरमुसला, पण पाणी महालात जाऊन आला आणि दगडातले पाण्याचे मार्ग बघत तासभर तिथेच होता.

तेरला आम्ही सकाळी नऊला पोचलो आणि निघालो दुपारी साडेचारला. गोरोबाकाकांच्या समाधीपाशी सासूबाईंनी गोष्ट सांगायला घेतली, पण थापटण्याची नाही, दुसरीच. विठ्ठलाच्या नादात माती तुडवताना पायाखाली स्वतःचं लेकरू आलं ती. सांगता सांगता मधेच थांबल्या. त्यांचा पहिला मुलगा दीड वर्षाचा असताना गेला. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या लग्नाला २९ वर्षं झाली, त्यांच्या तोंडून मी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं. सूनबाई त्यांच्याजवळ सरकून बसली. कुणी उठवायला आलं नाही. आम्ही किती वेळ तिथे होतो कुणास ठाऊक.

संग्रहालयात त्या मातीच्या बाहुलीपुढे बराच वेळ उभ्या होत्या. कानामागे बोटभर लांबीचा सांधा दिसतो, दोन साचे जुळवलेत तो. काचेला कपाळ टेकवून त्यांनी तो शोधला आणि सूनबाईला दाखवला: "बघ, घाईत जोडलंय. ओल्यातच बोट फिरवायला हवं होतं." त्यांच्या माहेरी कुंभारवाड्याला लागून घर होतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

आता पौषात परत यायचं म्हणतायत, शाकंभरी नवरात्राला. नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला असते, असं तिथल्या फुलवाल्याने सांगितलं. गुरुजी, त्या दिवशी तुळजापुरात गर्दी किती असते? आदल्या दिवशी देवी आणि पौर्णिमेला खंडोबा असं केलं तर त्यांना झेपेल का?

तेरणाकाठ:

ताई, पौर्णिमेला नको. दोन्हीकडे पाय ठेवायला जागा नसते. नवरात्र पौष शुद्ध अष्टमीला बसतं, त्याआधी पुन्हा देवीची निद्रा. तेव्हा नवमी-दशमीला या, मी महाद्वारापाशी येऊन थांबतो. पायऱ्या चढताना दुसऱ्या बाजूने एक हात माझा.